ऑर्लँडोचा टाइमशेअर विकायचाय, ब्रोकर आधी पैसे मागतोय. काय करावं?

मीनल_एडिसन
नमस्कार मंडळी. माझे मोठे दीर बरीच वर्षं इथे न्यू जर्सीत होते, आता कायमचे नाशिकला गेलेत. त्यांचा ऑर्लँडोजवळ किसिमीला टाइमशेअर आहे, म्हणजे रिसॉर्टमधलं युनिट दरवर्षी एक ठरलेला आठवडा वापरायचा हक्क, डीडवाला (मालकीचा नोंदलेला कागद असलेला), दोन बेडरूम. लोन कधीच फिटलंय पण मेंटेनन्स फी दरवर्षी हजार डॉलरच्या वर येते आणि तिकडे जाणं आता कुणाचंच होत नाही. मध्यंतरी त्यांना एका रीसेल ब्रोकरचा फोन आला, म्हणे एका कंपनीला स्टाफसाठी याच रिसॉर्टमधले आठवडे हवेत, 22,000 डॉलरला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त टायटल आणि क्लोजिंगचे (मालकी तपासून सौदा पुरा करायचे) 1,895 डॉलर आधी भरा, सौदा झाला की परत मिळतील. कागदपण पाठवलेत, युनिट नंबर, आठवड्याचा नंबर, सगळं बरोबर आहे. भाऊजी म्हणतात एवढी आतली माहिती आहे म्हणजे माणूस खराच असणार. मला अजिबात पटत नाहीये, पण मोठ्या माणसाला नुसतं "मला बरं वाटत नाही" म्हणून थांबवता येत नाही ना, ठोस काय सांगू?

आणि दुसरं, आम्ही दोघं स्वतः डिस्नीच्या टाइमशेअरचे पॉइंट्स (ठरलेल्या आठवड्याऐवजी पॉइंट्स खर्चून राहायचं) रीसेलमधून, म्हणजे जुन्या मालकाकडून, घ्यायचा विचार करतोय, मुली लहान आहेत. त्यासाठी ब्रोकर कसा बघायचा तेही सांगा.

टँपाकर
मीनल, भाऊजींना आजच फोन करा आणि एक पैसाही भरू देऊ नका. ठोस कारणं देतो.

पहिलं, ती माहिती आतली नाहीच. किसिमी ऑसिओला काउंटीत येतं आणि तिथले डीड काउंटीच्या रेकॉर्डमध्ये ऑनलाइन कुणालाही बघता येतात, मालकाचं नाव, युनिट, आठवडा सगळं. हे लोक त्याच याद्या काढून एकेकाला फोन लावतात. भाऊजींना त्यांचं स्वतःचं डीड त्या साइटवर उघडून दाखवा, दुसरं काही समजवावं लागणार नाही.

दुसरं, फ्लोरिडात कमिशन घेऊन दुसऱ्याचा टाइमशेअर विकायला रिअल इस्टेटचं लायसन्स लागतं आणि लिस्टिंगसाठी आगाऊ फी घ्यायला तिथल्या टाइमशेअर कायद्यात बंदी आहे. खरा ब्रोकर त्याचं कमिशन क्लोजिंगच्या वेळी एस्क्रोमधून (सौदा होईपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे ठेवायचं खातं) घेतो, विक्री झाली नाही तर त्याला काही मिळत नाही. लायसन्स डीबीपीआरच्या (फ्लोरिडाचं लायसन्स देणारं सरकारी खातं) साइटवर नाव टाकून दोन मिनिटांत तपासता येतं. फक्त एक काळजी घ्या, ठग मंडळी कधीकधी खऱ्या ब्रोकरचं नाव आणि नंबर उचलून वापरतात, त्यामुळे फोन करायचा तो स्वतः शोधून काढलेल्या नंबरवर, त्यांनी दिलेल्या नाही.

तिसरं म्हणजे भाव. ईबेवर विकल्या गेलेल्या टाइमशेअरचे आकडे बघा, साध्या रिसॉर्टचे आठवडे एक डॉलरला जातात आणि तरी कधीकधी कुणी घेत नाही, कारण घेणाऱ्याच्या डोक्यावर ती मेंटेनन्स फी येते. मग कुठलीही कंपनी 22,000 का देईल? हा प्रश्न भाऊजींनाच विचारा. मूळ खरेदी पंधरा-वीस हजारांची असते म्हणून तो आकडा माणसाला रास्त वाटतो, आणि नेमकं त्यावरच हे लोक खेळतात. फार चीड येते मला या प्रकाराची, कारण फोन जातात ते बहुतेक रिटायर झालेल्या माणसांना.

ह्यूस्टनचा_श्रीधर
टँपाकर यांचं बरोबर आहे पण थोडी भर. आधी पैसे घेणारे सगळेच चोर नसतात, काही साइट फक्त जाहिरात लावायचे थोडे पैसे घेतात आणि तसं सरळ सांगतात, गिऱ्हाईक आपण शोधायचं. ते चालतं. फ्लोरिडात 2012 साली जाहिरात कंपन्यांसाठी वेगळा कायदा आला, त्यात पैसे घ्यायच्या आधी लेखी करार हवा, सही केल्यावर 7 दिवसांत रद्द करता येतो आणि "गिऱ्हाईक तयार आहे" असं खोटं सांगायला बंदी आहे. म्हणजे ओळखायचं असं, जो जाहिरातीचे पैसे मागतो पण गिऱ्हाइकाचं वचन देत नाही त्याच्याशी निदान बोलता येतं, आणि ज्याच्याकडे गिऱ्हाईक आधीच बसलेलं असतं त्याचा फोन ठेवून द्यायचा.

आणि गिऱ्हाईक मेक्सिकोतलं आहे किंवा पैसे मेक्सिकोच्या बँकेत वायर करा असं आलं तर तर अजिबातच नाही. जुलै 2024 मध्ये अमेरिकेच्या ट्रेझरीने आणि एफबीआयने मिळून यावर इशारा काढला होता, त्यामागे तिथली ड्रग कार्टेल आहेत, आणि 2019 ते 2023 मध्ये जवळपास 6,000 अमेरिकन लोकांचे मिळून 30 कोटी डॉलरच्या आसपास गेले असं एफबीआयचं म्हणणं. त्यातला सगळ्यात वाईट भाग पुढचा आहे. एकदा पैसे गेले की काही महिन्यांनी दुसरा फोन येतो, आम्ही सरकारी खात्यातून बोलतोय, तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, दंड किंवा टॅक्स भरा. तेच लोक असतात. भाऊजींचा नंबर आता त्यांच्या यादीत आहेच, म्हणून त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

प्राजक्ता_रॅले
मीनल, डिस्नीचं मी सांगते, आम्ही रीसेलमधूनच घेतलंय आणि समाधानी आहोत. डिस्नीच्या पॉइंट्सना मागणी असते म्हणून तिथे रीसेलला खरा बाजार आहे, फक्त याच कामाचे लायसन्सवाले ब्रोकर आहेत, त्यांच्या साइटवर रिसॉर्ट, पॉइंट्स, भाव सगळं उघड लिहिलेलं असतं. कमिशन विकणारा देतो, तुम्हाला क्लोजिंगचा खर्च पडतो. ब्रोकर चांगला की नाही हे मी असं बघितलं की तो अडचणीच्या गोष्टी आपण न विचारता सांगतो का. उदाहरणार्थ 19 जानेवारी 2019 नंतर रीसेलमध्ये घेतलेले जुन्या 14 रिसॉर्टचे पॉइंट्स रिव्हिएरा आणि त्यानंतरच्या नव्या रिसॉर्टमध्ये वापरता येत नाहीत, आणि रिव्हिएराचे रीसेलचे पॉइंट्स फक्त रिव्हिएरातच चालतात. शिवाय करार संपायची तारीख, बोर्डवॉक आणि बीच क्लब जानेवारी 2042 ला संपतात, सॅराटोगा स्प्रिंग्ज 2054 पर्यंत आहे. मुली लहान आहेत तर हा फरक फार मोठा आहे, नुसता पॉइंटचा भाव बघून स्वस्त म्हणून घेऊ नका.

सौदा ठरला तरी डिस्नीला तोच भाव देऊन स्वतः घ्यायचा हक्क असतो, त्यात काही आठवडे जातात. त्या काळात ब्रोकर "आज सही नाही केली तर जाईल" असं मागे लागला तर दुसरा बघा. डिपॉझिट ब्रोकरच्या खात्यात नाही, एस्क्रोत. आणि एस्टॉपेल नावाचा कागद नीट वाचा, त्यात यावर्षीचे पॉइंट्स विकणाऱ्याने आधीच वापरलेत का, फी थकलीये का, लोन आहे का हे सगळं असतं. जाहिरातीत पॉइंट्स एक आणि कागदावर दुसरेच असं होतं.

कोथरूडवाली
अमेरिकेचं मला माहीत नाही पण इथेही हाच खेळ चालू आहे म्हणून लिहिते, भाऊजी नाशिकला आहेत तर त्यांच्या ओळखीतल्यांना उपयोग होईल. आपल्याकडे हॉलिडे क्लबची 25 वर्षांची वगैरे मेंबरशिप असते, ती विकायची जाहिरात टाकली की लगेच फोन, पार्टी तयार आहे, एनओसीचे भरा, जीएसटीचे भरा, मग अजून काहीतरी. माझ्या आत्याच्या बाबतीत असंच झालं, प्रत्येक वेळी रक्कम छोटी आणि प्रत्येक वेळी "हे शेवटचं". मेंबरशिप हा वापरायचा हक्क असतो, फ्लॅटसारखी मिळकत नाही, त्यामुळे ट्रान्सफर होते का, फी किती, थकबाकी किती हे थेट क्लबकडून लेखी घ्यायचं, मध्यस्थाच्या शब्दावर नाही. पैसे गेलेच तर 1930 ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) ताबडतोब फोन, जितका लवकर तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. आणि 2019 च्या ग्राहक कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत.

मीनल_एडिसन
खूप खूप आभार सगळ्यांचे. काल रात्री व्हिडिओ कॉलवर काउंटीच्या साइटवर त्यांचं डीड उघडून दाखवलं आणि भाऊजी एकदम गप्पच झाले. लायसन्सही शोधलं, त्या नावाने काही सापडलं नाही. पैसे भरणार नाहीत असं म्हणालेत. आता प्रश्न हा की विकला जाणार नसेल तर यातून सुटायचं कसं, आणि ते नाशिकहून सह्या कशा करणार?

टँपाकर
हे ऐकून फार बरं वाटलं.

आता आधी रिसॉर्टलाच विचारा की परत घेता का. लोन नाही आणि फी थकलेली नाही अशा मालकांचं डीड बऱ्याच मोठ्या कंपन्या परत घेतात, सगळ्या नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. म्हणून यावर्षीची फी रागाने थांबवू नका, थकली की तो रस्ता बंद होतो. "आम्ही सोडवून देतो" म्हणणाऱ्या एक्झिट कंपन्यांना मात्र आधी हजारो डॉलर देऊ नका, त्यातही तितकीच फसवणूक आहे. रिसॉर्टने नाही म्हटलं तर लायसन्सवाल्या ब्रोकरला विचारा, आणि तो "याला भाव नाही, मी घेत नाही" म्हणाला तर तो खरं बोलतोय असं समजा. मग फुकट द्यायची जाहिरात लावा, ट्रान्सफरचा खर्च आपण द्यायचा.

सह्यांचं म्हणाल तर मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये अपॉइंटमेंट घेऊन नोटरी होते, एका शिक्क्याचे 50 डॉलर. फ्लोरिडात 2020 पासून ऑनलाइन नोटरीही चालते, पण टायटल कंपनीला (सौद्याचे कागद आणि पैसे सांभाळणारी) ती चालेल का ते आधी विचारा म्हणजे नाशिक-मुंबई खेप वाचेल. आणि विकला गेलाच तर भाऊजी आता अमेरिकेचे टॅक्स रेसिडेंट नाहीत हे टायटल कंपनीला पहिल्याच दिवशी सांगा, परदेशी विक्रेत्याच्या रकमेतून 15 टक्के कापायचा नियम आहे, त्यात सूट बसते का ते तेच बघतील. तोटा झाला म्हणून टॅक्समध्ये काही मिळणार नाही, घरच्या वापराचा होता ना.

रिसॉर्टला फोन न करता ईमेल करा, उत्तर लेखी हातात राहील.