यशवंतराव चव्हाण माझे हिरो का आहेत (पटत नसेल तर खाली लिहा, पण मुद्द्यावर)

कराडचा_कृष्णाकाठ

दरवर्षी २५ नोव्हेंबरला, यशवंतरावांच्या पुण्यतिथीला, कराडच्या प्रीतिसंगमावर त्यांच्या समाधीपाशी सगळ्या पक्षांचे पुढारी येतात, फुलं वाहतात, फोटो काढतात आणि जातात. परवा इथंच एका पोरानं विचारलं की या माणसानं ना तलवार चालवली ना फासावर गेला, मग हिरो कसला? त्याला दोन ओळींत उत्तर देण्यापेक्षा वेगळा धागा काढलेला बरा.

जन्म १२ मार्च १९१३, देवराष्ट्रे. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात, आता सांगलीत. वडील लहानपणीच प्लेगनं गेले, आई विठाईनं काबाडकष्ट करून पोरं वाढवली. १९३२ ला टिळक हायस्कूलात झेंडा लावला म्हणून १८ महिन्यांची सजा झाली, आणि माफी मागितली तर सुटेल असं मास्तरांनी घरी सांगितलं तेव्हा आईनंच माफी मागू नको म्हणून बजावलं, ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. पण जेलात त्या काळात हजारो गेले. मला भावतं ते पुढं खुर्ची मिळाल्यावर काय केलं ते.

आमच्या वडिलांचं सांगतो. कोरडवाहू तीन एकर, खाणारी तोंडं आठ. मॅट्रिक झाल्यावर आज्जा म्हणाला आता बास, औत धर. त्या वेळी ईबीसी सवलत होती, वर्षाचं उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असेल तर फी माफ, जात कुठलीही असो. तलाठ्याचा दाखला जोडला आणि वडील कराडच्या कॉलेजात गेले, पुढं शिक्षक झाले, आणि त्यांच्यामागनं आमची चार भावंडं शिकली. ही सवलत यशवंतराव मुख्यमंत्री असताना आली. नुसतं आमचं घर नाही, माण-खटाव-पाटण-वाळवा कुठल्याबी गावात जा, त्या पिढीतला पहिला ग्रॅज्युएट ईबीसीवाला निघतो. जिच्या घरात फीचे पैसे कधीच नव्हते अशा विठाईच्या पोरानं दुसऱ्या पोरांच्या फीचा विचार केला, मला यापेक्षा मोठं शौर्य दिसत नाही.

त्यात १९६१ चा जिल्हा परिषद कायदा धरा, १ मे १९६२ ला झेडप्या सुरू झाल्या आणि गावच्या शाळा, दवाखाना, रस्ता यावर निवडून आलेला गावचा माणूस बोलायला लागला. त्याच वर्षी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. माझ्यासाठी हिरो म्हणजे हे.

वाळव्याचा_गडी

दादा, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण हिरो म्हणायचं तर आमच्याकडं एकच नाव, क्रांतिसिंह नाना पाटील. येडेमच्छिंद्रचा माणूस, तलाठ्याची नोकरी सोडली आणि १९४३ ते ४६ इंग्रजाच्या नाकावर टिच्चून शेकडो गावांत प्रतिसरकार चालवलं. न्यायमंडळं बसवली, तुफान सेना उभी केली, सावकाराला आणि दरोडेखोराला जरब बसवली, हुंडा आणि बडेजाव नको म्हणून गांधी विवाह लावले. इंग्रजाच्या राज्यात स्वतःचं राज्य!

आता तुमचे यशवंतराव बघा. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं गोळ्या खात होती आणि १९५५ च्या डिसेंबरात हे फलटणला सांगतायत की महाराष्ट्र आणि नेहरू यात निवडायची वेळ आली तर नेहरू निवडेन. आमच्या आज्ज्यानं ते मरेपर्यंत माफ केलं नाही. १९५७ ला साताऱ्यानं लोकसभेला नाना पाटलांना निवडून दिलं ते काय उगाच? आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर नेहरू शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले तेव्हा वाई-पसरणीच्या बाजूला हजारो लोक काळे झेंडे घेऊन उभे होते. आपलीच माणसं, आपल्याच मुख्यमंत्र्याच्या विरोधात. जनतेच्या बाजूनं उभा राहतो तो हिरो, श्रेष्ठींच्या बाजूनं नव्हे.

कराडचा_कृष्णाकाठ

@वाळव्याचा_गडी नानांबद्दल माझ्या मनात काडीचाही किंतू नाही. बेचाळीसला यशवंतरावही भूमिगत होते, आणि लग्नाला वर्षबी झालं नव्हतं तवा वेणूताईंना अटक झाली, त्या जेलनं त्यांची तब्येत कायमची गेली, तेही सांगत जावा.

फलटणचं भाषण लोकांना झोंबलं ते बरोबरच. पण गोळीबार झाला तेव्हा मुंबईचे मुख्यमंत्री मोरारजी होते, ते यशवंतरावांच्या नावावर टाकू नका. आणि मला तर उलट वाटतं. अख्खा जिल्हा विरोधात गेलाय, स्वतःच्या कराडातली सीट १९५७ ला थोडक्यात वाचलीय, तरी हा माणूस विरोधकांना तुरुंगात कोंबत बसला नाही, प्रतापगडला मोर्चा अडवण्यापेक्षा शांततेत होऊ दिला, आणि आतून दिल्लीला पटवत राहिला की हे मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य चालणार नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र आला तो संयुक्त महाराष्ट्र समितीनं रस्त्यावर लढल्यामुळं आणि यानं आत बसून पटवल्यामुळं, दोन्हीमुळं. रस्त्यावरच्याला लोक खांद्यावर घेतात, आतल्याला शिव्या बसतात. त्या शिव्या खाऊन काम करणारा मला जास्त धीराचा वाटतो.

सांगलीची_ताई

धीराचा?? मग आणीबाणीत कुठं गेला होता धीर? १९७५ ला ते परराष्ट्रमंत्री होते, जेपी, मोरारजी सगळे आत, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि साहेब मंत्रिमंडळात गप्प बसून. माझे काका मिसाखाली, म्हणजे विनाचौकशी अटकेच्या कायद्याखाली, आत होते, काकूनं शिवणकाम करून दोन पोरं सांभाळली. तेव्हा एका शब्दानं राजीनामा दिला असता तर अख्खा पश्चिम महाराष्ट्र मागं उभा राहिला असता, एवढं वजन होतं त्यांचं. १९६९ लाही तेच, बंगळूरला राष्ट्रपतिपदासाठी इंदिराबाईंना नको असलेल्या संजीव रेड्डींच्या बाजूनं मत दिलं आणि नंतर इंदिराबाईंसोबत राहिले. ७८ ला इंदिराबाईंना सोडलं, ७९ ला चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले, आणि शेवटी परत इंदिरा काँग्रेसमध्ये. लोक त्यांना कुंपणावरचे म्हणायचे ते उगाच नाही. राज्यात चांगलं काम केलं हे मी नाकारत नाही, पण हिरो म्हणताना माणसाची कसोटी लागली त्या दिवशी तो कुठं होता हे मी आधी बघते.

कराडचा_कृष्णाकाठ

@सांगलीची_ताई आणीबाणीतल्या गप्प बसण्याचं समर्थन मी करत नाही आणि करणारही नाही. तुमच्या काकूंच्या घरावर जे गुदरलं त्याला उत्तर नाही. पण कसोटीचा दिवस एकच धरायचा का? नोव्हेंबर १९६२ ला चीननं धूळ चारलेली, संरक्षणमंत्री मेनन गेलेले, सैन्याचं मनोधैर्य खाली, अशा वेळी मुंबईची भक्कम खुर्ची सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, आणि तीन वर्षांत ६५ च्या युद्धापर्यंत तेच सैन्य उभं राहिलेलं दिसलं. १ सप्टेंबरला जम्मूकडच्या छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे घुसले तेव्हा हवाई दल वापरायची परवानगी लगेच दिली, त्याच दिवशी संध्याकाळी विमानं उडाली. तोही कसोटीचाच दिवस होता की.

कोरेगावची_वाचक

माझा हिरो बाबासाहेब आहेत, ते आधी सांगते, म्हणजे गैरसमज नको. पण यशवंतरावांबद्दल एक गोष्ट आमच्या घरात बोलली जाते ती इथं कुणीच काढली नाही. माझे पणजोबा येसकर होते. रात्री-बेरात्री पाटलाचा निरोप आला की पळायचं, मढं असो, टपाल असो, सरकारी साहेबाचं सामान असो, आणि बदल्यात वतनाची तुकडाभर जमीन आणि दारोदार भाकरी. महार वतन बंद करा म्हणून बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात १९२८ ला विधेयक मांडलं होतं, तेव्हा कुणी ऐकलं नाही. शेवटी १९५८ ला कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करायचा कायदा झाला तो यशवंतरावांच्या काळात. १९५६ नंतर धर्मांतर केलेल्यांच्या सवलती गेल्या होत्या, त्या राज्यापुरत्या १९६० ला परत दिल्या त्याही यांनीच. केंद्राला त्यासाठी १९९० उजाडलं.

आता दुसरी बाजू. वतन गेलं तरी जमीन फुकट नावावर झाली नाही, रक्कम भरून परत घ्यायची होती. ज्याच्याकडं भाकरी नाही तो रक्कम कुठून भरणार, मग गावातल्याच मोठ्या शेतकऱ्याकडं ती जमीन कशीबशी गेली. आमचा तुकडा असाच गेला. कायदा मुंबईत होतो, पण तो गावात कुणाच्या हातून राबवला जातो ते यशवंतरावांनी बघायला पाहिजे होतं, कारण राबवणारे त्यांच्याच पक्षाचे, त्यांच्याच भागातले होते. तरी वेठ थांबली. माझे आजोबा कुणाचा निरोप घेऊन पळाले नाहीत, एसटीत कंडक्टर झाले. म्हणून त्यांच्या फोटोला माझा नमस्कार आहे, हिरो म्हणणार नाही.

वाळव्याचा_गडी

@कोरेगावची_वाचक ताई हे तुम्ही लिहिलं ते लय महत्त्वाचं आहे, जमीन गावातल्याच बड्यांकडं गेली तीच गोष्ट पुढं कारखान्यात आणि बँकांत झाली. यशवंतरावांनी सहकार शेतकऱ्याच्या नावानं वाढवला आणि तीन पिढ्या एकाच घरात चेअरमनकी. हे झाड लावणाऱ्याला फळाचा हिशोब विचारायचाच नाही का?

कराडचा_कृष्णाकाठ

विचारा की. पण माणूस १९८४ ला गेला, स्वतःचं मूलबाळ नाही, वारस म्हणून कुणाला गादीवर बसवलं नाही, वेणूताई गेल्यावर त्यांच्या नावानं कराडला स्मारक उभं केलं आणि आपली पुस्तकं तिथं ठेवली. नंतरच्यांनी सहकाराची जहागीर केली त्याचा जाब नंतरच्यांना विचारायचा, आणि आपण मतं दिली म्हणून आपल्यालाही.

आटपाडीचा_गलाईवाला

मी चेन्नईत असतो, सोनं-चांदी गाळायचं काम, आमच्या आटपाडी-खानापूरची निम्मी गावं याच धंद्यात देशभर पांगलीत. का पांगली? पाणी नव्हतं म्हणून. वरचं सगळं वाचलं, ईबीसी बी खरी आहे, माझ्या चुलत्यानं तो फॉर्म भरला होता. पण कृष्णेच्या काठाला ऊस, कारखाना, बँक, कॉलेज सगळं आलं आणि माण, खटाव, आटपाडी, जत तसाच कोरडा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी आमच्या वाट्याला यायला किती काळ गेला ते आमच्या म्हाताऱ्यांना विचारा, कित्येक जण पाणी न बघताच गेले. देवराष्ट्रे तर आमच्यापासनं किती लांब, सागरेश्वराच्या पायथ्याचं गाव, दुष्काळ काय असतो ते त्या माणसाला सांगायला नको होतं. मुख्यमंत्री, संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र, सगळी खाती हातात आली. अर्थमंत्री होते १९७० ते ७४, आणि ७२ चा दुष्काळ त्याच काळात पडला. आमची आई तवा रोजगार हमीवर खडी फोडत होती.

कराडचा_कृष्णाकाठ

@आटपाडीचा_गलाईवाला ७२ ला राज्यात वसंतराव नाईकांचं सरकार होतं, आणि रोहयो, जिच्यावर तुमच्या आईनं काम केलं, ती महाराष्ट्रानं देशाच्या आधी सुरू केली, वि. स. पागेंमुळं, ते बी आपल्या सांगली जिल्ह्यातलेच. पण उपसा सिंचन उशिरा आलं हे खरं आहे आणि त्यासाठी दिल्लीतनं जोर लावता आला असता हेही खरं.

आटपाडीचा_गलाईवाला

जोर लावता आला असता, लावला नाही. मग तुमच्या वडिलांसाठी ते हिरो, बरोबर आहे, त्यांना कॉलेज मिळालं. माझ्या चुलत्याचा फॉर्म मंजूर झाला होता, फी माफ होती. पण दुष्काळात बैलं विकली, कराडला खोली करून राहायला पैसे नव्हते, मग चुलता एका शेठच्या भट्टीवर मद्रासला गेला आणि त्याच्यामागनं आम्ही सगळे.