शांता आपटे यांच्यावर ४५ मिनिटांचा कार्यक्रम: काय दाखवावे, काय टाळावे?

पेठेतला_वाचक
नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनालयात जुन्या चित्रपटांतल्या गायिका-अभिनेत्री शांता आपटे यांच्यावर दृक्श्राव्य कार्यक्रम ठरतो आहे. वेळ ४५ मिनिटे, श्रोते साधारण ६०, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. प्रोजेक्टर आणि दोन स्पीकर आहेत. त्यांचा 'कुंकू' चित्रपट दाखवायचा हे नक्की, पण त्यातले किती आणि कोणते? बाकीच्या कारकिर्दीला किती वेळ द्यावा? प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकावर त्यांनी केलेल्या उपोषणाबद्दल काय सांगावे? माहितीत चुका राहू नयेत, म्हणून इथे विचारतो आहे.

रीळ_आठ
वेळेची वाटणी आधी करा, नाहीतर 'कुंकू'च सगळा वेळ खाईल. 'अमृतमंथन' ४ मिनिटे, 'कुंकू' १८, 'गोपालकृष्ण' ४, उपोषण आणि पुस्तक ८, प्रभातनंतरची वर्षे ५. उरलेली ६ मिनिटे प्रश्नांना.

सुरुवात १९३२ च्या 'श्यामसुंदर'पासून करा. दिग्दर्शक भालजी पेंढारकर, निर्मिती सरस्वती सिनेटोनची, म्हणजे पुण्याचीच. शांताबाई राधा, शाहू मोडक कृष्ण. एवढे दोन वाक्यांत उरका, क्लिप नको. जन्म अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीचा. जन्मवर्षाच्या फंदात मात्र पडू नका. छापील माहितीत १९१६ आणि १९२३ अशी दोन्ही वर्षे सापडतात आणि सभागृहात कोणीतरी त्यावरच अडून बसतो.

'अमृतमंथन' (१९३४) हा प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आल्यानंतरचा पहिला चित्रपट. त्यात शांताबाई नायिका नाहीत. नायिका नलिनी तर्खड. शांताबाई नायकाच्या बहिणीच्या, सुमित्रेच्या भूमिकेत आहेत. राजगुरू झालेल्या चंद्रमोहनच्या डोळ्याचा प्रसिद्ध क्लोज-अप दाखवणार असाल तर तो हिंदी आवृत्तीत आहे. मराठीत राजगुरू केशवराव दाते. क्लिपवर 'मराठी' लिहून हिंदी तुकडा चालवला की जाणकार लगेच पकडतात.

'कुंकू' (१९३७) मराठीत आणि 'दुनिया न माने' हिंदीत, दोन्ही स्वतंत्र चित्रित झाले. शांताबाईंची नायिका मराठीत नीरा, हिंदीत निर्मला. हे डबिंग नव्हे, त्यामुळे अभिनयाची लयही थोडी वेगळी पडते. दोन्हींतले तुकडे एकमेकांना जोडू नका. नाव मध्येच बदलते आणि श्रोते गोंधळतात. एकच आवृत्ती धरा. पुण्यात मराठीच.

'कुंकू'तले तीन तुकडे घ्या, प्रत्येकी ५ ते ६ मिनिटांचे:

पहिला, लग्नानंतर नीरा म्हाताऱ्या वकील नवऱ्याला ठाम नकार देते तो. इथे तिचा आवाज चढत नाही. मान ताठ, नजर समोर, वाक्याचा शेवट तुटक. त्या काळातल्या नायिका सोसताना नजर खाली घेत, म्हणून हा तुकडा आजही अंगावर येतो.

दुसरा, गाण्याचा. केशवराव भोळ्यांच्या संगीतात शांताबाई गाताना हात, खांदे, भुवया सगळे हलवतात. त्याआधीची नटमंडळी बहुधा एका जागी उभी राहून, नाटकातल्या पदासारखी गात. अमेरिकन कवी लाँगफेलोच्या इंग्रजी कवितेचा भाग घेतलात तर आणखी चांगले. मराठी चित्रपटातली नायिका इंग्रजी ओळी गाते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

तिसरा, सावत्र मुलगी आणि नीरा यांचा. ती मुलगी म्हणजे शकुंतला परांजपे, गणितज्ञ रँग्लर परांजपे यांची कन्या आणि कुटुंबनियोजनाच्या प्रत्यक्ष कार्यकर्त्या. पुण्यातल्या श्रोत्यांना हे नाव सांगितलेच पाहिजे.

शेवटचा भाग दाखवू नका. तिथे चित्रपटाचे वजन नवऱ्याच्या पश्चात्तापाकडे झुकते, आणि तुमचा विषय शांताबाई आहेत.

ध्वनिवेध
वरची निवड पटली. आता तांत्रिक बाजू, कारण असे कार्यक्रम बहुतेक वेळा इथेच फसतात.

'कुंकू'ला पार्श्वसंगीत नाही. घड्याळ, भांडी, पावले असे घरातलेच आवाज. गाण्याची साथसुद्धा दृश्यातल्याच वस्तूंची. त्यामुळे शांतता मुद्दाम ठेवलेली आहे. निवेदक ती भरून काढायला वर बोलायला लागतो आणि तुकडा मरतो. बोलायचे ते आधी किंवा नंतर. पंखेही त्या १८ मिनिटांपुरते कमी वेगावर ठेवा.

आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. काही फाइलींत तो एकाच बाजूच्या स्पीकरमधून येतो, म्हणून लॅपटॉपवर मोनो आउटपुट चालू करून घ्या. बास बराच कमी करा, नाहीतर जुन्या ध्वनिपट्टीची घरघर घुमते. ७-८ किलोहर्ट्झच्या वर खरखरीशिवाय फारसे काही नसते, तेही कापा. १ ते ३ किलोहर्ट्झ किंचित वाढवलेत की शब्द स्वच्छ येतात. ज्येष्ठ श्रोत्यांसाठी हे सर्वांत महत्त्वाचे. आवाज नुसता मोठा केल्याने शब्द कळत नाहीत.

चित्र ४:३ च्या जवळपासचे आहे. पडदा ६ फूट उंच असेल तर चित्र ८ फूट रुंद, दोन्ही बाजूंना काळे. पडदा भरावा म्हणून ताणले की चेहरे रुंद होतात. भरावा म्हणून कापले की कपाळ जाते, आणि या चित्रपटात कपाळावरचे कुंकूच गेले तर काय राहिले? टीव्ही वापरणार असाल तर चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. तुकडे आधी कापून पेन ड्राइव्हवर ठेवा. नेटवरून थेट चालवू नका.

प्रभातफेरी
उपोषणाबद्दल. वर्ष १९३९, जागा प्रभात स्टुडिओचे फाटक, म्हणजे आजचा फिल्म इन्स्टिट्यूटचा परिसर. हा प्रसंग तापट नटीचा हट्ट म्हणून रंगवला जातो. तसा सांगू नका, तो तिच्यावर अन्याय आहे.

कंपनीच्या नटांना महिन्याचा पगार असे आणि कराराच्या मुदतीत बाहेर काम करायची मुभा नसे. कोणता चित्रपट मिळणार, मिळणार की नाही, हे कंपनी ठरवी. 'गोपालकृष्ण' १९३८ चा. त्यानंतर प्रभातमध्ये शांताबाईंचा एकही चित्रपट नाही. काम नाही, बाहेर जाता येत नाही, अशा अवस्थेत ऐन लोकप्रियतेतली वर्षे जातात. भांडण कराराचे होते, हे श्रोत्यांना आधी समजावा आणि मग फाटकाशी या. लगेच पुढे १९४० चे त्यांचे पुस्तक 'जाऊ मी सिनेमात?' घ्या. सिनेमात यायचा विचार करणाऱ्यांना त्या या धंद्याची आतली बाजू सांगतात. उपोषण आणि पुस्तक एकत्र ठेवले की एक विचार करणारी कामगार बाई उभी राहते. माझ्या मते कार्यक्रमाचा कणा हाच असावा.

नंतरची वर्षे लोक 'उतरती कळा' म्हणून गुंडाळतात, तेही बरोबर नाही. १९४१ मध्ये तमिळ 'सावित्री'त त्या सावित्री होत्या आणि नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. १९४२ मध्ये लाहोरचे निर्माते पांचोली यांचा 'जमीनदार'. पुणे, मद्रास, लाहोर हा प्रवास एका कंपनीशी बांधलेल्या नटीला जमलाच नसता. निधन २४ फेब्रुवारी १९६४, मुंबईत.

तीन गफली हमखास होतात. 'कशाला उद्याची बात' हे गाणे शांता हुबळीकरांचे, 'माणूस' (१९३९) मधले; निवेदक ते बिनदिक्कत शांता आपट्यांच्या नावावर घालतात. 'कुंकू'ची मूळ कादंबरी 'न पटणारी गोष्ट' ना. ह. आपटे यांची, आडनाव एक म्हणून नाते जोडू नका. आणि 'अमरज्योती'ची (१९३६) नायिका दुर्गा खोटे. त्यातले 'सुनो सुनो बन के प्राणी' हे गाणे मात्र शांताबाईंचेच.

पेठेतला_वाचक
फार उपयोग झाला. दोन शंका. कॉपीराइटचे काय? आणि छायाचित्रे कुठे मिळतील?

रीळ_आठ
भारतात चित्रपटाची मुदत प्रदर्शनानंतर ६० वर्षे, त्यामुळे १९३७-३८ चे चित्रपट त्यातून मोकळे झाले आहेत. गाण्यांचे शब्द आणि चाली वेगळ्या धरतात. तिथे कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे. म्हणून कार्यक्रम विनातिकीट ठेवा आणि गाणी सुटी काढून इंटरनेटवर चढवू नका. डीव्हीडीवर 'फक्त घरगुती वापर' असे असेल तर वितरकाकडून लेखी परवानगी घ्या.

छायाचित्रांसाठी लॉ कॉलेज रोडवरचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय एकाच रस्त्यावर असले तरी जागा वेगळ्या. लोक एकाच्या फाटकावर दुसऱ्याचे पत्र घेऊन उभे राहतात. वाचनालयाच्या लेटरहेडवर अर्ज करा, त्यात चित्रपटाचे नाव, वर्ष, आवृत्ती आणि वापर लिहा. 'शांता आपटे यांचे फोटो' असे मोघम लिहिलेत तर शोधणाऱ्यालाही अवघड जाते.

प्रभातफेरी
निदान महिनाभर आधी अर्ज द्या. आणि पोस्टरसाठी आलेल्या फोटोचा चेहरा 'कुंकू'तल्या क्लिपशी पडताळून घ्या. आपटे आणि हुबळीकर या दोन शांतांचे फोटो अदलाबदल होऊन छापलेले आहेत.