मदत हवी आहे: आईला एसीट्रोम चालू आहे, तांगक्वेईच्या सूपने आयएनआर वाढतो का?

नमस्कार मंडळी, सिंगापूरहून लिहितेय. माझ्या बाळंतपणासाठी आई नाशिकहून आलीय. तिची मायट्रल झडप बदलून धातूची बसवलेली आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी (एसीट्रोम) कायमची. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, आकडा जास्त तेवढं रक्त पातळ) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलाय आणि इतके दिवस तो तसाच राहिला. परवा ४.१ आला.

औषधात बदल नाही, पालेभाज्याही नेहमीसारख्याच. नवीन काय असेल तर समोरच्या चिनी आंटींचं सूप. बाळंतिणीला अंगात ताकद यावी म्हणून त्या माझ्यासाठी कोंबडीचं सूप करून आणतात आणि आईलाही वाटीभर प्यायला लावतात. त्यात वाळवलेली लाल बोरं, गोजी बेरी आणि तांगक्वेई ही चिनी औषधी मुळी असते. आंटींनी मेडिकल हॉलमधून (इथलं चिनी जडीबुटीचं दुकान) आणलेल्या तिच्या चकत्या दाखवल्या: पातळ, पिवळट, कडेला तपकिरी साल, वास थेट सेलरीचा. गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलीच ही मुळी, चीनच्या गान्सू प्रांतातून येते. बायकांच्या पाळीच्या तक्रारींवर आणि बाळंतपणानंतर ती तिकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात.

डॉक्टरांनी आईचं सूप लगेच बंद केलंय, गोळीचा डोसही त्यांनीच ठरवून दिलाय, पुढच्या आठवड्यात परत तपासणी आहे. तेवढ्यात मी शोधलं तर १९९९ची एक नोंद सापडली. वॉरफरिन (एसीट्रोमच्याच गटातलं रक्त पातळ करणारं औषध) घेणाऱ्या ४६ वर्षांच्या एका बाईने तांगक्वेईच्या गोळ्या सुरू केल्या आणि चार आठवड्यांत आयएनआर २.३ वरून ४.९ वर गेला. मुळी थांबवल्यावर महिन्याभरात उतरला. पण त्या गोळ्या होत्या, रोजच्या. सूपात उकळलेल्या दोन-चार चकत्यांनी एवढा फरक पडतो का? कोणाच्या घरी असं झालं असेल तर आयएनआर जागेवर यायला किती दिवस लागले, ते कृपया सांगा.

दुसरं, आंटी म्हणतात, मुळी काढून नुसतं बोरं-गोजीचं करते. पण गोजीनेही वॉरफरिनवर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून मला ते पटत नाही. आणि माझं काय? माझं अंगावरून जाणं अजून थांबलेलं नाही, बाळ अंगावर पितंय. मी प्यावं का? माझ्या डॉक्टरांना विचारणारच आहे, पण इथे कोणी प्रसूतितज्ज्ञ किंवा फार्मासिस्ट असतील तर त्यांचं मत हवंय.

सिंगापूर-मलेशियात राहणाऱ्यांनी हेही सांगा, आंटींना दुखवायचं नाहीये, जीव लावतात त्या. सूपाऐवजी त्यांच्याकडून काय मागून घेऊ, जे आईलाही बिनधास्त देता येईल?