कानात शिट्टी वाजते: मॅग्नेशियमची गोळी घ्यायची, की मिलचा आवाज कमी करायचा?

स्टीलनगरी_जालना
माझा धाकटा भाऊ रोलिंग मिलमध्ये सळईच्या लाइनवर आहे. पाळी सुटली तरी कानात शिट्टी वाजत राहते, झोप लागत नाही, आता बीपीही वाढलाय. एका मेडिकलवाल्यानं मॅग्नेशियमच्या गोळ्या हातावर ठेवल्या. माझं स्पष्ट मत आहे की हे उलटं चाललंय. कानाच्या आतल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या शिफारशीत ८५ डेसिबलला ८ तास चालतात, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! इथं माणसं अख्खी पाळी काढतात. गोळी काय करणार?

फार्मसी_परभणी
दादा, राग समजतो, पण गोळीला इतकं हलकं लेखू नका. सततच्या मोठ्या आवाजानं अ‍ॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, त्या ताणात लघवीवाटे मॅग्नेशियम जास्त जातं. ते कमी पडलं की रक्तवाहिन्या आवळतात, नसा चिडतात आणि तोच आवाज जास्त सोसवेनासा होतो. १९९४ साली इस्रायली सैन्यातल्या ३०० नव्या जवानांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना रोज १६७ मिलिग्रॅम मॅग्नेशियम दिलं, त्यांच्यात कायमचा श्रवणदोष कमी आढळला.

स्टीलनगरी_जालना
त्याच प्रयोगात जवानांच्या कानात आवाज अडवणारे प्लगही होते, हे का सोडलंत? शिवाय तो बंदुकीचा आवाज, थांबून थांबून येणारा, आणि प्रशिक्षण २ महिन्यांचं. वर्षानुवर्षं सलग चालणाऱ्या मिलला तो निकाल तसाच लावता येत नाही. आणि मॅग्नेशियम सुरुवातीपासून दिलं होतं, शिट्टी वाजायला लागल्यावर नव्हे.

फार्मसी_परभणी
प्लगचं खरंय. पण प्लग तर दोन्ही गटांत होते, फरक मॅग्नेशियमनंच पडला. मी प्लगऐवजी गोळी म्हणतच नाही, प्लगसोबत म्हणतोय.

पाळीवाला
तुम्ही दोघंबी प्लग प्लग करायलेत. भट्टीजवळ घामानं ते निसटतंय. अन् घातलं की क्रेनची घंटा ऐकू येत नाही, माणूस दबला तर? आम्ही हौसेनं काढून ठेवत नाही. मालकाला सांगा, घंटेबरोबर फिरता दिवा लावा अन् कटिंग मशीनला आडोसा करा.

सिस्टर_नांदेड
पाळीवाले भाऊ, तुमचं म्हणणं सगळ्यात आधी ऐकायला हवं.
गोळीबद्दल मात्र मी बजावते. मूत्रपिंड कमजोर असलेल्यानं मनानं मॅग्नेशियम घेतलं तर ते रक्तात साठतं. नाडी मंदावते, श्वासही अडू शकतो. मूत्रपिंडाच्या तक्रारी मधुमेह आणि बीपीवाल्यांतच जास्त, आणि इथं भावाला बीपी आहेच. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घ्या. उलट ज्यांना बीपीसाठी लघवीच्या गोळ्या किंवा वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्यात खरोखर कमतरता येऊ शकते. रक्तातल्या मॅग्नेशियमचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निश्चिंतही होऊ नका, कारण शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी १ टक्क्याहून कमी रक्तात असतं, निम्म्याहून जास्त हाडांत.

ज्वारीचं_कोठार
आपल्याकडं गोळीची गरजच काय? ज्वारी-बाजरीची भाकरी, तीळ, शेंगदाण्याची चटणी, सगळ्यात मॅग्नेशियम भरपूर. पॉलिश तांदळात त्याचा थोडाच अंश उरतो. पाळीवरच्या डब्यात भात आला अन् भाकरी गेली, नुकसान तिथं झालं.

स्टीलनगरी_जालना
भाकरी खावीच. पण भाकरी खाणारे म्हातारे मिलवालेही बहिरे झालेले मी रोज बघतो.
सिस्टर, क्रिएटिनिन उद्याच करतो. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणीही करून घेणार. आवाजाचा मार बहुधा आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांत दिसतो, तेव्हा बोलणं नीट ऐकू येत असतं म्हणून माणूस गाफील राहतो. आवाजानं आलेलं बहिरेपण कायद्यातल्या अधिसूचित, म्हणजे सरकारकडं नोंद करायच्या, व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. गोळीचं पाकीट दिलं की ही नोंद कुणी मागतच नाही, माझा आक्षेप तिथं आहे.

फार्मसी_परभणी
नोंद मागाच. पण नोंद होईपर्यंत भावाच्या झोपेचं काय? गोळीवरचं माझं मत कायम आहे; फक्त रिपोर्ट पाहूनच द्यावी.

पाळीवाला
ऑडिओमेट्री जालन्यात कुठं होते ते लिहा. आमच्या लाइनवरचे समदे येतील.