रेडिओग्राफी की सोनोग्राफी? असोसिएट डिग्रीसाठी किती कर्ज काढावं? (न्यू जर्सी)

केतकी_एडिसन
नमस्कार मंडळी. मुंबई विद्यापीठाची बीएससी (झूलॉजी) आहे. लग्नानंतर इकडे आले, बरीच वर्षं एच-फोरवर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर मिळणारा जोडीदाराचा व्हिसा) घरीच गेली. यंदा ग्रीन कार्ड हातात आलं, मुलंही आता मोठ्या वर्गात आहेत. काम हॉस्पिटलातच करायचं, एवढं पक्कं आहे. काउंटी कॉलेजची (स्थानिक सरकारी कॉलेज) रेडिओग्राफीची, म्हणजे एक्स-रे काढण्याची, असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) सगळं मिळून साधारण १६ हजार डॉलरमध्ये होते, पण ए अँड पी (शरीररचना आणि शरीरक्रिया) वगैरे विषय आधी करून मग निवड होते. म्हणजे सुरुवात पुढच्या वर्षी. दुसरीकडे एका खाजगी संस्थेत सोनोग्राफीला लगेच प्रवेश मिळतोय, खर्च ४८ हजार. तिथले प्रवेश सल्लागार सारखे फोन करतात, "सोनोग्राफर ऐंशी हजारांच्या वर कमावतात, कर्ज सहज फिटेल" म्हणतात. वय ३७. या वयात एवढं कर्ज अंगावर घ्यावं का?

वैशाली_सीटी
केतकी, मी इथेच एका हॉस्पिटलात एक्स-रे आणि सीटी करते. पैशांचं नंतर बघू. आधी त्या संस्थेला विचार, सोनोग्राफीच्या *कोर्सला* सीएएएचईपीची (आरोग्यक्षेत्रातले कोर्स तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता आहे का? नुसती कॉलेजला असून चालत नाही. शिक्षण संपल्यावर एआरडीएमएसच्या (सोनोग्राफरना प्रमाणपत्र देणारी संस्था) परीक्षेला सरळ बसायचं तर ती लागते. नाहीतर आधी कामाचा अनुभव दाखवावा लागतो, आणि परीक्षा पास नसलेल्या माणसाला तो अनुभव देणार कोण? रेडिओग्राफीसाठी जेआरसीईआरटीची (रेडिओग्राफीच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यता बघ. त्यांच्या साइटवर प्रत्येक कोर्सचे किती विद्यार्थी पूर्ण करतात, एआरआरटीच्या (रेडिओग्राफीचं प्रमाणपत्र देणारी संस्था) परीक्षेत किती पास होतात, किती जणांना नोकरी लागते, सगळं असतं. फोनवरच्या बोलण्यावर जाऊ नकोस, स्वतः उघडून वाच.

आणखी एक. क्लिनिकल (हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण) बिनपगारी असतं आणि बहुतेक दिवसपाळीत. त्या काळात पूर्णवेळ नोकरी जमत नाही, घरखर्च त्या हिशोबाने आखा.

सातारकर७४
आकडे मांडतो. इथल्या कामगार खात्याच्या २०२३ च्या आकडेवारीत सोनोग्राफरचा मध्यम पगार वर्षाला ८४ हजारांच्या आसपास आहे, रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्टचा (रेडिओग्राफी करणाऱ्यांचा) ७३. म्हणजे सल्लागार आकडा चुकीचा सांगत नाहीत. पण त्यात वीस-वीस वर्षं काम केलेली माणसंही आली. पहिल्या वर्षी तेवढा पगार धरून कर्ज काढू नका.

ग्रीन कार्डवर फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज मिळतं. तुम्ही विवाहित, म्हणजे स्वतंत्र (आईवडिलांवर अवलंबून न धरलेला) विद्यार्थी: पहिल्या वर्षी ९,५०० आणि दुसऱ्या वर्षी १०,५०० डॉलरपर्यंत. झाले २० हजार. ४८ मधले उरलेले २८ हजार बहुधा खाजगी कर्ज, त्यावर नवऱ्याची सही. फेडरल साडेसहा टक्क्यांनी आणि खाजगी दहा टक्क्यांनी धरलं, तर दहा वर्षं महिना साधारण ६०० डॉलर. काउंटी कॉलेजचे १६ हजार फेडरलमध्ये बसतात, त्याचा हप्ता १८० च्या आसपास.

अशा खाजगी संस्थांच्या कोर्सेससाठी शिक्षण खात्याच्या २०२३ च्या नियमात जी मोजमापं होती, त्यातलं एक असं: वर्षाचे हप्ते कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत असावेत. ६०० च्या हप्त्याला त्यासाठी ९० हजार पगार लागेल. १८० ला २७ हजार पुरतात.

निशा_डॅलस
ताई, दुसरी बाजूही बघा. एक वर्ष थांबलात तर एका वर्षाचा पगार बुडतो. पहिला पगार ६० हजार धरला तरी तो दोन्ही फींमधल्या ३२ हजारांच्या फरकापेक्षा जास्त आहे. कोर्स खरंच मान्यताप्राप्त असेल तर लगेच सुरू करणं चुकीचं नाही.

वैशाली_सीटी
निशा, मुद्दा बरोबर आहे आणि मान्यता असेल तर मीही विचार करेन. पण चांगल्या सोनोग्राफी कोर्सलाही ए अँड पी, फिजिक्स आधी लागतंच. ते काहीच न विचारता लगेच घेतात, हीच गोष्ट मला खटकते.

केतकी_एडिसन
विचारलं. "मान्यतेसाठी अर्ज केलाय, तुमचं शिक्षण संपेपर्यंत येईल" म्हणाले. लेखी द्या म्हटलं तर विषय बदलला.

वैशाली_सीटी
मग तिथे एक डॉलरही भरू नकोस. अर्जाच्या भरवशावर ४८ हजार लावायचे नसतात.

सातारकर७४
सहमत. कोरिंथियन कॉलेजेस ही खाजगी कॉलेजांची साखळी २०१५ मध्ये बंद पडली. त्यांच्या साडेपाच लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज माफ झाल्याची घोषणा व्हायला २०२२ उजाडलं, आणि तेही फेडरल कर्ज. बँकेचं खाजगी कर्ज अशा माफीत येत नाही.

केतकी_एडिसन
खूप आभार. काउंटी कॉलेजचंच ठरवतेय, पुढच्या सत्रात ए अँड पी घेते. पेल ग्रँट (सरकारची परत न फेडायची मदत) मिळेल का?

सातारकर७४
नाही. आधीची पदवी असली की पेल मिळत नाही, भारतातलीही धरतात. फेडरल कर्ज मात्र मिळेल. मुंबईच्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्या. इंग्रजी, गणित, मानसशास्त्र यांसारख्या विषयांचे क्रेडिट कॉलेजने मान्य केले तर तेवढी फी वाचते, शिवाय क्लिनिकलच्या सत्रात ओझं कमी होतं. कुठले विषय धरतील ते रजिस्ट्रारकडून ईमेलवर मागा. आणि फॅफ्सा (सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज) भरताना दोन वर्षांपूर्वीचं टॅक्स रिटर्न लागतं, मागच्या वर्षीचं नव्हे. ते आत्ताच शोधून ठेवा.