लॅपटॉप १४ इंची घ्यावा की १५.६ इंची? सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ए-३०४ : सर्व सभासदांना नमस्कार. आमच्या मुलीला यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला असून तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. ती रोज डोंबिवलीहून दादरपर्यंत लोकलने जाणार आहे. दुकानदार म्हणतात की इंजिनिअरिंगसाठी १५.६ इंची स्क्रीनच हवा, मुलीला मात्र १३ इंची आवडला आहे. शिवाय घरी माझे वडील त्याच लॅपटॉपवर संध्याकाळी ई-पेपर वाचतील आणि नागपूरला बहिणीशी व्हिडिओ कॉल करतील. त्यांना बायफोकल चष्मा आहे. आकाराचा निर्णय कसा करावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

सी-१०२ : मुलीचे मनःपूर्वक अभिनंदन. मी हिशेबाची कामे करतो. दिवसभर आकडे भरायचे असतील तर उजव्या बाजूचा स्वतंत्र नंबरपॅड हा हाताला मोठा आधार असतो, आणि तो बहुधा १५.६ इंच किंवा त्याहून मोठ्या लॅपटॉपवरच मिळतो. मात्र नंबरपॅडमुळे कीबोर्डाचा अक्षरांचा भाग आणि टचपॅड डावीकडे सरकतात, त्यामुळे ज्याला मुख्यतः मजकूर टाइप करायचा आहे त्याला सतत थोडे तिरके बसावे लागते. आपल्या मुलीला नंबरपॅडची गरज पडेल असे मला वाटत नाही. कधी पडलीच, तर यूएसबीला जोडायचा सुटा नंबरपॅडही मिळतो.

बी-६०२ : ताई, थोडे सविस्तर लिहिते, कारण हीच निवड आम्ही दोन वर्षांपूर्वी चुकवली होती आणि त्याची हळहळ अजून वाटते.

आम्ही मुलासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड (चित्रे आणि गेम वेगाने दाखवणारा वेगळा भाग) असलेला १५.६ इंची लॅपटॉप घेतला. दुकानातल्या टेबलावर तो फार छान दिसला. कॉलेज सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मुलाचा खांदा दुखू लागला, तेव्हा प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा काढून त्याची सॅक त्याला अडकवली. लॅपटॉप २.४ किलो, त्याचा चार्जर ०.६ किलो, भरलेली पाण्याची बाटली सव्वा किलो, डबा आणि वह्या-पुस्तके मिळून दोन किलोंच्या वर, असे सगळे ओझे साडेसहा किलोंच्या आसपास भरले. ते पाठीवरून पोटाशी घेऊन सकाळच्या गर्दीत उभे राहायचे, हे रोज कसे जमणार? महिनाभरात लॅपटॉप घरीच राहू लागला, आणि ज्या कामासाठी घेतला ते कॉलेजातले काम तो मित्राच्या मशीनवर करू लागला.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की स्क्रीनच्या आकड्याच्या आधी हे पाहावे, की हा लॅपटॉप आठवड्यातून किती दिवस घराबाहेर जाणार आहे आणि तिथे तो कशावर ठेवून उघडला जाणार आहे. वजन विचारताना चार्जरसकट विचारावे, कारण ताकदवान ग्राफिक्स कार्डाच्या लॅपटॉपचा चार्जरही जड असतो. याउलट साध्या १४ इंची लॅपटॉपचे वजन १.३ ते १.६ किलोंच्या आसपास असते, आणि त्यांपैकी बरेच आता यूएसबी-सी प्रकारच्या ६५ वॉटच्या लहान चार्जरवर चालतात.

ए-३०४ : ताई, तुम्ही इतक्या मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. पण १४ इंची स्क्रीनवर ड्रॉइंग नीट दिसेल का, ही धास्ती आहे. पहिल्या वर्षाला ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायचे सॉफ्टवेअर, आहे.

डी-४०१ : मी घरून सॉफ्टवेअरचे काम करतो, त्यामुळे या प्रश्नाबद्दल थोडे सांगू शकतो. लॅपटॉपवर लिहिलेले इंच हे स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर असते, त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून स्क्रीन किती उंच आणि किती रुंद आहे हे कळत नाही. १५.६ इंची स्क्रीन बहुधा रुंदी-उंचीच्या १६:९ प्रमाणाचा असतो, म्हणजे रुंदी ३४.५ सेंटिमीटर आणि उंची १९.४ सेंटिमीटर. आता १४ इंचांत १६:१० प्रमाणाचे स्क्रीन सहज मिळतात, त्यांची रुंदी ३०.२ आणि उंची १८.८ सेंटिमीटर भरते. म्हणजे उंचीत फरक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा आहे, कमी होते ती रुंदी. अहवाल लिहिणे, प्रोग्रॅम लिहिणे, पीडीएफ वाचणे ही कामे वरून खाली सरकणारी असल्याने त्यांना उंचीच उपयोगी पडते. दुकानात रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरील आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, विचारावे, १९२० × १२०० असे उत्तर आले तर तो १६:१० प्रमाणाचा स्क्रीन आहे असे समजावे. ऑटोकॅडची पहिल्या वर्षाची द्विमितीय ड्रॉइंग त्यावर व्यवस्थित होतात आणि तेवढ्यासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्डही लागत नाही. पात्र विद्यार्थ्यांना ऑटोकॅड शिक्षणासाठी विनाशुल्क मिळते, तेव्हा त्यासाठी वेगळा खर्च धरू नये.

आजोबांच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. एकाच स्केलिंगवर, म्हणजे अक्षरे किती मोठी दाखवायची या एकाच सेटिंगवर, १४ इंचांवरचे अक्षर १५.६ इंचांपेक्षा साधारण आठव्या हिश्श्याने लहान दिसते. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन स्केलिंग १२५ ऐवजी १५० टक्के केले की अक्षर पुन्हा मोठे होते, पण मग एका वेळी पानाचा कमी भाग दिसतो.

ए-७०३ : १३ इंची घेऊ नये, असे मी स्वानुभवाने सांगतो. मुलाच्या सांगण्यावरून मी तो घेतला. प्रवासात उत्तम आहे, पण बायफोकलच्या खालच्या भिंगातून स्क्रीन पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि तासाभरात मान आखडते. तुमच्या वडिलांना हा त्रास नक्की होईल.

डी-४०१ : काका, आपले म्हणणे अगदी बरोबर आहे, परंतु हा त्रास १५.६ इंचांवरही होईल, कारण कोणत्याही लॅपटॉपचा स्क्रीन टेबलाच्या पातळीवर, म्हणजे नजरेच्या बराच खाली असतो. त्यावरचा उपाय वेगळा आहे. घरी २४ इंची मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडावा आणि साधा कीबोर्ड व माउस ठेवावा. बायफोकल असेल तर मॉनिटरसुद्धा फार उंच ठेवू नये, थोडा खाली आणि किंचित मागे कललेला ठेवावा. मी स्वतः १४ इंची लॅपटॉप असाच वापरतो. दिवसभर मोठा स्क्रीन मिळतो, आणि ऑफिसला जायचे असेल त्या दिवशी केबल काढून लॅपटॉप बॅगेत टाकला की झाले. ए-३०४ यांच्या घरी तर मुलीला ड्रॉइंगसाठी आणि आजोबांना वाचनासाठी, असा दोघांनाही त्या मॉनिटरचा उपयोग होईल.

१३ इंचांबद्दल आणखी एक सावधगिरीची सूचना. लहान, पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर जायला जागा कमी असते, म्हणून तोच प्रोसेसर सलग जड कामात हळू पडू शकतो. बऱ्याच पातळ मॉडेलमध्ये रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मेमरी, मुख्य सर्किट बोर्डावर (मदरबोर्डवर) डकवलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. चार वर्षे वापरायचा असेल तर १६ जीबी रॅम आधीच घ्यावी.

बी-२०५ : मोठ्या लॅपटॉपची बॅटरी जास्त टिकते, हे खरे आहे का?

डी-४०१ : तसे गृहीत धरू नये. मोठा स्क्रीन वीजही जास्त खातो. बॅटरीवर वॉट-अवर, म्हणजे तिच्यात किती वीज साठते, हा आकडा लिहिलेला असतो, तुलना त्यावरून करावी. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते, म्हणून मोठ्यांत मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्याही त्या मर्यादेच्या आतच ठेवलेल्या असतात.

बी-६०२ : ताई, दुकानात जाण्यापूर्वी एवढे जरूर करा. पार्सलच्या खोक्याचे दोन पुठ्ठे कापा, एक ३६ × २४ सेंटिमीटरचा आणि दुसरा ३१.५ × २२.५ सेंटिमीटरचा. साधारण १५.६ आणि १४ इंची लॅपटॉपचे बाहेरचे माप एवढेच असते. ते मुलीला दोन दिवस तिच्या नेहमीच्या सॅकमध्ये डबा-वह्यांसह घालून नेऊ द्या, आणि वर्गात बाकावर ठेवून पाहू द्या.

ए-३०४ : सर्वांना नमस्कार. दोन्ही पुठ्ठे कापून मुलीने सोमवारी आणि मंगळवारी कॉलेजला नेले. मोठा पुठ्ठा सॅकमध्ये गेला, पण डबा आडवा ठेवल्यावर चेन वरच्या कोपऱ्यात अडकून राहिली. तिच्या वर्गात लिहिण्यासाठी फळी जोडलेल्या खुर्च्या आहेत, त्या फळीवर मोठा पुठ्ठा दोन्ही बाजूंनी बाहेर आला आणि वही ठेवायला जागाच उरली नाही. लहान पुठ्ठा फळीवर नीट बसला आणि वही त्याच्या पुढे अर्धी टेकवता आली. ते पाहून १३ इंचांचा हट्ट तिने आपणहून सोडला, आणि १५.६ चा विचार आम्ही सोडला.

आता १६:१० प्रमाणाचा १४ इंची, १६ जीबी रॅमचा आणि दीड किलोच्या आतला लॅपटॉप घ्यायचे ठरले आहे, आणि वडिलांसाठी बैठकीतल्या टेबलावर २४ इंची मॉनिटर. डी-४०१, शनिवारी सायंकाळी आपल्याला वेळ असेल तर दुकानात सोबत याल का? आणि बी-६०२ च्या ताई, तुमचा तो हुकाचा काटा एका दिवसापुरता मिळावा, अशी विनंती आहे. लॅपटॉप आणि चार्जर आम्ही दुकानातच तोलून घेणार आहोत.

बी-६०२ : काटा शुक्रवारी संध्याकाळी मुलाकरवी पाठवते.

डी-४०१ : शनिवारी साडेपाचला गेटपाशी भेटू. आजोबांनाही चष्म्यासह सोबत आणावे, मॉनिटरवरचे अक्षर त्यांनी स्वतः वाचून पाहिलेले बरे.