तांत्रिक पुरस्कार गाळा म्हणे!

शहापूर_पेठ
काल इथं एकानं टाकलंय: "राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दूरदर्शनवर बघणं म्हणजे शाळेचं बक्षीस वितरण. ध्वनी, संकलन, वेशभूषा यांची नावं खालच्या पट्टीत फिरवा. नट-नट्या दाखवा आणि तासात उरका. खासगी चॅनेलकडून शिका जरा." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. म्हणून लिहितोय.

तासात उरकायचा प्रयोग झालाय ओ. 3 मे 2018, 65 वे पुरस्कार. राष्ट्रपती कोविंद तासभरच थांबणार म्हणून 11 पुरस्कार त्यांच्या हातून आणि बाकीचे मंत्र्यांच्या. पन्नासहून जास्त विजेते तिकडं फिरकलेच नाहीत. ऑस्करवाल्यांनी 2022 ला संकलन, ध्वनी, रंगभूषा, पार्श्वसंगीत असे आठ पुरस्कार प्रक्षेपणाच्या आधीच देऊन टाकले, मग त्याचे तुकडे कापून मधे चिकटवले. एवढं करून कार्यक्रम साडेतीन तासांच्या वरच गेला. 2023 ला गुपचूप सगळेच्या सगळे 23 पुरस्कार परत थेट प्रक्षेपणात आणले.

आणि खासगी चॅनेलचं काय शिकायचं? चार तासांचा स्लॉट धरा. नियमानं तासाला 12 मिनिटं जाहिराती (10 बाहेरच्या, 2 स्वतःच्या मालिकांच्या), म्हणजे 48 मिनिटं तिथंच गेली. उरलेल्यात नाच, निवेदकांची थट्टा, प्रायोजकाचा चेक. हे थेट नसतंच, आधी चित्रित करून संकलनाच्या टेबलावर जोडलेलं असतं. पुढच्या रांगेतली नटी खळखळून हसते तो शॉट त्याच विनोदाचा आहे का, हे बघायचं तर तिच्या शेजारची खुर्ची बघा. शेजारचा मंचावर पुरस्काराची बाहुली घ्यायला गेलाय, आणि शॉटमध्ये तो खुर्चीतच बसून टाळ्या वाजवतोय! नाचणाऱ्याच्या तोंडापुढचा माइकसुद्धा बहुतेक वेळा शोभेचा, गाणं ट्रॅकवर चालू असतं.

दिल्लीत निदान नाव घेतात, माणूस चालत येतो, पदक घेतो. भाषण फक्त फाळके पुरस्काराच्या मानकऱ्याचं.

निपाणी_नाका
एवढं लिहिलंत, पण "रटाळ आहे" याला उत्तर कुठंय? 23 सप्टेंबर 2025 ला विज्ञान भवनातला सोहळा लोकांनी कशासाठी बघितला? शाहरुखसाठी, आणि 'नाळ 2' मधल्या साडी नेसलेल्या पोरीसाठी. ध्वनीचा पुरस्कार कुणाला गेला, न शोधता सांगा बघू.

शहापूर_पेठ
न शोधता? 2022 चे 68 वे सांगतो. ध्वनी आरेखन 'मी वसंतराव', अनमोल भावे. त्याच वर्षी जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार कन्नड 'डोल्लू'ला, आणि तो सिनेमा सिंक साउंडमध्ये (शूटिंगच्या वेळीच घेतलेल्या आवाजात) नव्हताच, डब केलेला होता! ऑस्करविजेते ध्वनी आरेखक रसूल पूकुट्टींनी उघड लिहिलं, त्या सिनेमाच्या ध्वनी आरेखकानंही दुजोरा दिला. नावं पट्टीत पळवली असती तर हे कुणाच्या लक्षात आलं असतं? दाखवायचं ते यासाठी.

निपाणी_नाका
मर्दा, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलास की! ज्यूरीत बसलेल्यांना डब केलेला आवाज ओळखता आला नाही, तिथं सोफ्यावरचा माणूस काय ओळखणार? आणि चूक पकडली ती धंद्यातल्या लोकांनी. टीव्हीवर दाखवलं म्हणून पकडली नाही.

कडोली_शिवार
ओळखता येतं हो, थोडा कान लावला तर. जागेवर घेतलेल्या आवाजात खोली ऐकू येते. माणूस वळला की आवाज पातळ होतो, साडी सळसळते, वाक्यांच्या मधल्या शांततेतसुद्धा पंखा, रस्ता असं काहीतरी बारीक चालू असतं. डब केलेल्यात तोंड कॅमेऱ्याकडं असो की भिंतीकडं, आवाज तेवढाच जवळचा. चांगला मिक्सर खोलीचा आवाज मागून भरतो, तिथं फसगत होते. ज्यूरीचं तेच झालं असणार.

आणि पुरस्कार सोहळ्यात संगीत कानठळ्या बसवतं आणि बोलणं ऐकू येत नाही, ही तक्रार असेल तर सेट टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगात जा. तिथं डॉल्बी किंवा सराउंड असेल ते काढून पीसीएम किंवा स्टीरिओ करा. 5.1 मध्ये, म्हणजे सहा स्पीकरांच्या आवाजात, बोलणं मधल्या स्पीकरला असतं. टीव्हीला दोनच स्पीकर, ती घडी नीट बसली नाही की निवेदक दबतो.

खानापूर_जंगलकाठ
तुमचं डॉल्बी राहू दे. इथं मराठी चॅनेलच लागत नाही त्याचं बोला! केबलवाला कन्नड पॅक टाकून मोकळा. मराठी मागितलं की "वेगळा पॅक घ्या" म्हणतो, त्यात नको ती वीस चॅनेल गळ्यात.

निपाणी_नाका
आला सीमाप्रश्न! हा धागा पुरस्कारांचा आहे.

खानापूर_जंगलकाठ
चॅनेलच दिसत नाही तर पुरस्कार काय आरशात बघायचे? निपाणीत बसून कोल्हापूरच्या हवेवर बोलणं सोपं असतंय.

अनगोळ_वायरमन
भांडू नका, ऐका. पॅक घेणं सक्तीचं नाही. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानं सुटं चॅनेल द्यावंच लागतं. 999 नंबर लावा, ते ग्राहक माहितीचं चॅनेल. तिथं तक्रारीचा नंबर मिळतो. मग हवी ती मराठी चॅनेल कागदावर लिहा, बॉक्सचा व्हीसी नंबर (कार्डाचा नंबर) लिहा आणि केबलवाल्याला लेखी द्या. तोंडी सांगितलं की तो विसरतो. सुरू करून घेताना बॉक्स चालू ठेवा, बंद बॉक्सला सिग्नल पोचत नाही आणि लोक म्हणतात फसवलं.

लोक चुकतात ते एचडीत. मोजणीत एक एचडी म्हणजे दोन साधी चॅनेल, दरही वेगळा. चाळीस इंचांच्या आतल्या टीव्हीला साधं पुरतं. आणि पॅकमध्ये घालायच्या चॅनेलचा सुटा दर 19 रुपयांपर्यंतच ठेवता येतो. पूर्वी महिन्याला जास्तीत जास्त 130 रुपये नेटवर्क शुल्क, वर 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. 2024 मध्ये ट्रायनं ती 130 ची मर्यादाच काढली, त्यामुळं आता पावती नीट वाचा. सह्याद्री फ्री-टू-एअर आहे, तिचे वेगळे पैसे मागितले तर सरळ भांडा.

खानापूर_जंगलकाठ
आमच्या जंगलातल्या कणकुंबी, जांबोटीकडं केबल कुठली आणायची?

अनगोळ_वायरमन
डीडी फ्री डिश लावा, महिन्याचं भाडं नाही. उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्व. आपल्या बेळगाव-खानापूर भागातून तोंड आग्नेयेला, उत्तरेपासून 128 अंशांच्या आसपास, उंची सुमारे 61 अंश. 18 मीटरचं झाड डिशसमोर 10 मीटरच्या आत असेल तर आडवं येतं. तुमच्याकडचा पाऊस कू बँडला (या उपग्रहाच्या लहरींना) मारतो, म्हणून 60 सेंटिमीटरऐवजी 90 ची थाळी बसवा. एलएनबीच्या (थाळीपुढच्या दांड्यावरच्या डबीच्या) तोंडाचं कनेक्टर पाणी पितं, त्याला रबर टेप गुंडाळा आणि केबलला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून गळतं. निम्म्या "सिग्नल नाही" तक्रारी त्या कनेक्टरच्या असतात.

कडोली_शिवार
हे पुरस्कारांपेक्षा कामाचं निघालं.

निपाणी_नाका
निघालं तर खरं! आग्नेयेची थाळी लावून शाळेचं बक्षीस वितरण बघा आता.

शहापूर_पेठ
बघूच. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक 1953 च्या अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला, आणि 71 व्या पुरस्कारांत सर्वोत्तम मराठी चित्रपट कुठला? परत 'श्यामची आई', नवा. एवढं तरी पट्टीत फिरवायचं नाही ना?

निपाणी_नाका
बरं, ते दाखवा. आणि ध्वनीचाही दाखवा बाबा, पण ज्यूरीनं आधी कान धुऊन यावं.

शहापूर_पेठ
ज्यूरीचं मान्य. डोल्लूचा दाखला मी चुकीच्या बाजूनं वापरला, हेही मान्य. तासात उरकायचं मात्र अजूनही अमान्य.

खानापूर_जंगलकाठ
वायरमन, 90 ची थाळी गवंड्याकडून भिंतीत बसवून घ्यायची की पत्र्यावर चालते?

अनगोळ_वायरमन
पत्र्यावर नको. वाऱ्यानं एक अंश हलली तरी गेलं.